जुनी, लहान अंगाची महोगनी गिटार घेताना: आरसा, पट्टी आणि तासाभराची तपासणी

वरचा पत्रा (तारांखालची पातळ लाकडी फळी), पाठ, बाजू, नेक (लांब मान), सगळंच महोगनीचं. कडेला बाइंडिंग (शोभेची किनार) नाही, नक्षी नाही, मधल्या गोल छिद्राभोवती साधं कडं. १९३०, ४०, ५०च्या दशकांत अमेरिकेत या गिटारी स्वस्तातल्या म्हणून विकल्या जायच्या. आज त्यांच्या मूळ सुरासाठी लोक त्या शोधत फिरतात. स्प्रूसच्या (फिकट रंगाच्या, मऊ लाकडाच्या) गिटारीत सुराभोवती बरीच चमक असते. महोगनीत ती कमी, पण सूर लगेच उमटतो आणि सहाही तारा एका वजनाने बोलतात. बोटांनी वाजवणाऱ्याला आणि मायक्रोफोनसमोर बसणाऱ्याला ही गिटार सोडवत नाही.

नवखा माणूस ओरखडे पाहून घाबरतो आणि चकाकी पाहून भुलतो. ओरखड्यांनी गिटारीचं काही बिघडत नाही. नेक आणि अंग यांच्यातला कोन, ब्रिजची (अंगावर तारा जिथे अडकतात त्या लाकडी तुकड्याची) जाडी आणि ब्रिजखालची पट्टी या तीन गोष्टींवर गिटार वाजेल की नाही आणि खिशाला किती चाट बसेल, हे ठरतं. तिन्ही मोजता येतात. त्या कशा मोजायच्या, हे पुढे दिलं आहे. उदाहरण म्हणून मुख्यतः अमेरिकेच्या मार्टिन कंपनीच्या ०-१५, ०-१७ आणि ००-१७ या गिटारी घेतल्या आहेत. गिब्सन कंपनीची एलजी-० जिथे वेगळी पडते तिथे तसं सांगितलं आहे.

सोबत काय न्यायचं

- २४ इंची पोलादी सरळ पट्टी (वाकलेली नाही ना, हे आधी काचेवर ठेवून पाहा)
- अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली ६ इंची पोलादी पट्टी
- दातांचे डॉक्टर वापरतात तसा छोटा आरसा
- छिद्रातून आत जाईल असा लहान एलईडी दिवा
- फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच). नसेल तर पातळ कागद आणि दोन-तीन व्हिजिटिंग कार्डं
- कापो (नेकवर तारा दाबून धरणारा चिमटा) आणि सूर लावायचा ट्यूनर
- दोऱ्याला बांधलेलं लहान, जोरकस चुंबक
- अतिनील टॉर्च (नोटा तपासायचा चालतो)

मोजमापं घेताना गिटार नेहमीच्या सुरात लावलेली हवी. तारा ढिल्या असताना घेतलेलं माप फसवं असतं. विकणाऱ्याने "जपण्यासाठी" तारा सैल करून ठेवल्या असतील तर सुरात लावा आणि वीस मिनिटं थांबा. आरशाने आत पाहायचं काम मात्र शेवटी, तारा सैल करून.

## १. गिटार कोणती, हे आतून वाचा

मार्टिनच्या नेमप्लेटवर विसंबू नका. छिद्रातून नेकच्या दिशेला पाहिलं की आत नेक जिथे अंगाला मिळतो तो लाकडी ठोकळा दिसतो. मॉडेल आणि अनुक्रमांक त्या ठोकळ्यावर ठोकलेले असतात. मॉडेल ठोकण्याची पद्धत १९३०च्या ऑक्टोबरात सुरू झाली. त्याआधीच्या गिटारीवर फक्त अनुक्रमांक मिळतो.

अनुक्रमांकावरून साल काढणं सोपं आहे. १९४० अखेर मार्टिन ७६,७३४ पर्यंत पोचली होती, १९४५ अखेर ९३,६२३, १९५० अखेर १,१७,९६१, १९५५ अखेर १,४७,३२८ आणि १९६० अखेर १,७५,६८९ पर्यंत. म्हणजे १,३०,००० च्या घरातली ०-१५ "युद्धाआधीची" (दुसऱ्या महायुद्धाआधीची) म्हणून कोणी दाखवत असेल तर बोलणं तिथेच थांबवायचं.

०-१५ ही १९४० ते १९६१ या काळातली. ००-१७ मुख्यतः १९३० ते १९६०, तर ०-१७ महोगनीत १९२९ ते १९४८ या काळातली. ० आकाराची खालची रुंदी साडेतेरा इंच, ०० ची चौदा इंचांहून थोडी जास्त. (ड्रेडनॉट पावणेसोळाच्या जवळ जाते, त्यावरून अंदाज येईल.) तारेची लांबी दोन्हींत २४.९ इंच, म्हणजे सुमारे ६३२ मिमी.

साल कळलं की आतलं बरंच काही कळतं:

- १९४४ च्या शेवटापर्यंत आतल्या ब्रेस (पत्र्याला आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या) मधोमध खोलगट तासलेल्या असायच्या. त्यानंतर त्या सरळ झाल्या. आधीच्या गिटारी हलक्या आणि जास्त मोकळ्या वाजतात. तारांचा ताणही त्यांना जास्त बाधतो.
- १९३४ पासून नेकमध्ये टी आकाराची पोलादी पट्टी आहे. युद्धकाळात, १९४२ ते ४५, पोलाद मिळत नसल्याने तिथे एबनीची (आबनूस लाकडाची) काठी घातली जायची.
- नेक सरळ करायचा समायोज्य रॉड (ट्रस रॉड) मार्टिनमध्ये १९८५ ला आला. त्यामुळे १९५२ च्या ०-१५ बद्दल "ट्रस रॉड फिरवला की अॅक्शन (तारांची उंची) खाली येईल" असं कोणी म्हणालं, तर फिरवायला तिथे काही नाही.

नेकमध्ये पोलाद आहे की एबनी, हे चुंबकाने कळतं. तारा बाजूला सारून चुंबक फिंगरबोर्डजवळ (नेकवरच्या, बोटं टेकायच्या फळीजवळ) दोऱ्याने सोडा. फ्रेट (फिंगरबोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) निकेल-सिल्व्हरच्या असतात, त्या ओढत नाहीत. चुंबक झुकलं तर आत पोलाद आहे.

गिब्सनच्या १९६०च्या दशकातल्या अनुक्रमांकांवरून साल काढायला जाऊ नका. एकच आकडा वेगवेगळ्या वर्षी पुन्हा वापरला गेला आहे. एलजी-० ची सुरुवात १९५८ ची. १९६०च्या दशकाच्या शेवटी तिचा वरचा पत्रा स्प्रूसचा झाला, तेव्हा संपूर्ण महोगनी हवी असेल तर त्याआधीची पाहा.

## २. लांबून घेत असाल तर हे फोटो मागवा

समोरून आणि पाठीमागून काढलेले दोन देखणे फोटो कामाचे नाहीत. हे मागा: बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरून जाड आणि पातळ ई तारेची (दोन्ही कडांच्या तारांची) उंची, ब्रिज बाजूने, सॅडल (ब्रिजमधली, तारा टेकायची पट्टी) किती वर आहे ते दिसेल असा, ब्रिजची मागची कड, नेकची टाच जिथे अंगाला मिळते तो सांधा, दोन्ही बाजूंनी, नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागचा नेक, हेडस्टॉकची (खुंट्या असलेल्या माथ्याची) पाठ, आणि फोनचा कॅमेरा छिद्रात उतरवून काढलेला ब्रिजखालच्या पट्टीचा फोटो. हे सात फोटो द्यायला जो कुरकुरतो त्याची गिटार परत करायची सोय असल्याशिवाय घेऊ नका.

## ३. नेकचा कोन: सगळा खर्च इथे आहे

या गिटारीवर बारीक तारांचा संच चढवला तरी ताण ७० किलोच्या आसपास असतो. साठ-सत्तर वर्षं तो ओढत राहिला की अंग छिद्राभोवती किंचित दुमडतं, ब्रिजमागचा पत्रा फुगतो आणि नेक पुढे झुकतो. तारा फिंगरबोर्डपासून उंच जातात. यात दोष कोणाचा नाही, हलक्या बांधणीच्या गिटारीचं ते म्हातारपण आहे. फक्त ते आधीच कोणी निस्तरलंय, की तुम्हाला निस्तरायचंय, एवढं कळायला हवं.

तीन मापं घ्या.

पहिलं, तारेची उंची. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. जाड ई ला २.४ मिमी आणि पातळ ई ला १.६ ते २ मिमी असेल तर उत्तम. जाड ई ला ३ पर्यंत चालवून घेता येतं. साडेतीन म्हणजे बारे कॉर्डला (एका बोटाने सगळ्या तारा दाबताना) बोटं दुखणार.

दुसरं, सॅडलची उंची. ब्रिजच्या लाकडावर सॅडल किती मिलिमीटर दिसतो? ३ मिमी किंवा जास्त असेल तर छान. दीड मिमीच्या खाली गेला की तार सॅडलवरून पुरेशी वाकत नाही, दाब कमी पडतो आणि आवाज मलूल होतो.

तिसरं, सरळ पट्टी. २४ इंची पट्टी डी आणि जी या मधल्या दोन तारांच्या मध्ये, नेकच्या लांबीच्या दिशेने फ्रेटवर ठेवा आणि ब्रिजकडे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला हलकेच लागून जायला हवं. ते ब्रिजच्या पुढच्या भिंतीवर, माथ्यापासून दीड-दोन मिमी खाली आपटत असेल तर कोन गेला आहे.

ही मापं वेगवेगळी पाहिली तर फसाल. बाराव्या फ्रेटवर तार १ मिमी खाली आणायची तर सॅडल २ मिमी घासावा लागतो, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर आहे. समजा जाड ई ३.६ मिमी वर आहे आणि तुम्हाला २.४ हवी. फरक १.२ मिमीचा, म्हणजे सॅडल २.४ मिमी उतरवायचा. सॅडल दिसतोय ३ मिमी. उरणार ०.६. अशा गिटारीला नेक रीसेट (नेक काढून योग्य कोनात पुन्हा बसवणं) लागणार, आणि "जरा सॅडल घासून घ्या, झालं" हे विकणाऱ्याचं म्हणणं खोटं ठरतं.

सर्वांत जास्त फसवणूक याच ठिकाणी होते. रीसेटचा खर्च टाळायला पूर्वी अनेकांनी सॅडलऐवजी ब्रिजच रंध्याने तासला. मग तारा खाली येतात, सॅडलही ठीक दिसतो आणि पहिली दोन मापं उत्तीर्ण होतात. म्हणून ब्रिजची जाडी मोजायचीच. मार्टिनचा मूळ ब्रिज साधारण ८ ते ९ मिमी जाड असतो. ५ किंवा ६ मिमी भरला तर तो तासलेला आहे. अशा गिटारीला रीसेट आणि नवा ब्रिज, दोन्ही लागतील. तासलेल्या ब्रिजच्या दोन्ही टोकांचे पंखही कागदासारखे पातळ दिसतात, नजर बसली की लांबूनही ओळखू येतं.

जुन्या मार्टिनचा सॅडल ब्रिजच्या आरपार कापलेल्या खाचेत डिंकाने चिकटवलेला असतो. नवीन गिटारीसारखा तो पकडीने ओढून काढायला जाऊ नका, ब्रिज उभा चिरतो. ही पद्धत १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत होती.

नेक रीसेट म्हणजे काय, हे कळलं की त्याची भीती जाते. मार्टिनचा नेक डोव्हटेल (एकमेकांत अडकणाऱ्या खाचेच्या) सांध्यात सरसाने बसवलेला असतो. चौदा फ्रेट अंगाबाहेर असलेल्या गिटारीत कारागीर पंधरावी फ्रेट काढतो, तिच्या खाचेतून बारीक छिद्र पाडून सांध्यात वाफ सोडतो आणि नेक सुटा करतो. मग टाचेचं लाकूड खालच्या बाजूने अगदी थोडं तासतो, सांधा कोरडा बसवून पाहतो आणि पुन्हा सरसाने जोडतो. किती तासायचं याचा हिशोब असा: टाचेची उंची गुणिले सॅडलपाशी हवी असलेली वाढ, भागिले चौदाव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंतचं अंतर. टाच ८५ मिमी, हवी असलेली वाढ ३ मिमी, अंतर सुमारे २८१ मिमी. उत्तर ०.९ मिमी. टाचेच्या तळाशी एक मिलिमीटरही नाही. म्हणूनच हे काम पॉलिश पेपर घेऊन बसणाऱ्या सुताराकडे द्यायचं नाही, जुन्या मार्टिनचे नेक काढलेल्या कारागिराकडेच द्यायचं.

नीट झालेला रीसेट गिटारीची किंमत वाढवतो. "नेक कधी काढलेला नाही" हे १९४८ च्या गिटारीबद्दल कौतुकाने सांगितलं जातं, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ "ते बिल तुमच्या नावावर" असा असतो. रीसेट झालाय का, हे टाचेच्या कडेने दिसतं: लॅकरमध्ये (लाकडावरच्या चकाकत्या लेपात) बारीक छेद, कधी थोडा ताजा रंग. कुठे सांधा उघडा वाटला तर कागद सरकवा. व्हिजिटिंग कार्ड सहज आत जात असेल तर सरस सुटला आहे.

## ४. नेकचा बाक

पहिल्या फ्रेटवर कापो लावा, चौदाव्या फ्रेटवर जाड ई दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी फट मोजा. ०.१५ ते ०.२५ मिमी असेल तर काही करू नका. व्हिजिटिंग कार्ड अडखळल्याशिवाय आरपार गेलं तर बाक जास्त आहे.

मार्टिनमध्ये फिरवायला रॉड नाही, म्हणून बाक काढायचा तर फ्रेट बदलताना जाड देठाच्या फ्रेट ठोकून नेक मागे रेटतात, किंवा फिंगरबोर्ड तासतात. दोन्ही कामं महागडी. एबनीची काठी असलेल्या १९४२ ते ४५ च्या गिटारींत हे माप दोनदा घ्या. गिब्सनमध्ये मात्र हेडस्टॉकवरच्या घंटेच्या आकाराच्या झाकणाखाली रॉडचं नट असतं. तो अजून फिरतो का, हे विकणाऱ्यासमोर पाव फेरा फिरवून पाहा. अडकत असेल तर जोर लावू नका.

## ५. ब्रिज आणि त्याखालची पट्टी

ब्रिजच्या मागच्या कडेला पातळ कागद सरकवा. मिलिमीटरभर गेला तर चिंता नाही, कडेपर्यंत सरस पोचलेला नसतो. दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे गेला तर ब्रिज सुटू लागला आहे. तो काढून पुन्हा बसवणं हे नेहमीचं, आवाक्यातलं काम आहे.

खरं पाहायचं ते आत. ब्रिजच्या बरोबर खाली, पत्र्याच्या पोटाला, मेपलची एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. तारांच्या टोकांचे पितळी गोळे तिच्यावर अडकतात. दर वेळी तार बदलताना ते गोळे लाकूड थोडं कुरतडतात. सत्तर वर्षांनी छिद्रं लंबगोल होतात आणि गोळे पट्टीतून वर सरकून थेट वरच्या पत्र्याच्या मऊ लाकडात घुसतात.

आरसा न घालताही याची एक खूण दिसते. सॅडलजवळ वाकून तार पाहा. प्रत्येक तारेच्या टोकाला गोळ्याजवळ सुमारे सेंटिमीटरभर दुहेरी पीळ असतो. तो पीळ ब्रिजवर तार अडकवणाऱ्या पिनच्या भोकात लपलेला हवा. तो सॅडलच्या माथ्यावर आला असेल, तार तिथे जाड आणि खरबरीत दिसत असेल, तर गोळा आत खोल ओढला गेला आहे. मग आरसा घाला: पट्टीवर सहा स्वच्छ गोल छिद्रं हवीत. त्याऐवजी एकमेकांत मिसळलेल्या, तंतू निघालेल्या भेगा दिसल्या तर दुरुस्ती लागेल. चांगला कारागीर प्रत्येक छिद्रापुरतं मेपलचं गोल ठिगळ बसवून मूळ पट्टी वाचवतो. अख्खी पट्टी उपटून मोठी, जाड रोझवूडची बसवणं हा जुना आणि वाईट उपाय आहे. त्याने पत्र्याची हालचाल बसते, आवाजाचा जीव जातो. आत अशी रुंद गडद पट्टी दिसली तर भाव त्याप्रमाणे पाडा.

आणखी दोन गोष्टी आत दिसू शकतात. मार्टिनच्या ब्रिजमधून आत आलेले बोल्ट: मार्टिन ब्रिजला बोल्ट लावत नसे, म्हणजे कोणीतरी सुटणारा ब्रिज आवळून ठेवला आहे. (गिब्सनमध्ये ब्रिजवरच्या मोती-ठिपक्यांखाली कारखान्याचेच बोल्ट असतात, ते दोष नव्हेत.) आणि ब्रिजपासून शेपटीकडच्या ठोकळ्यापर्यंत टेकवलेली लाकडी काठी, म्हणजे फुगवट्यावर केलेली मलमपट्टी.

१९६०च्या दशकातल्या बऱ्याच एलजी-० वर ब्रिज प्लास्टिकचा आहे, आतून स्क्रूने कसलेला. तो वाकतो, कडेने उचलतो. रोझवूडचा ब्रिज घालून घेतलेली असेल तर या एका बाबतीत "मूळ नाही" म्हणून नाक मुरडू नका, गिटार सुधारलेलीच असते.

## ६. चिरा, ब्रेस आणि पोट

ब्रिजच्या मागे पत्र्याला थोडा फुगवटा असणं स्वाभाविक आहे. अजिबात फुगवटा नसेल तर उलट हवा फार कोरडी होती का, ते विचारा. ब्रिजच्या पुढे, छिद्राकडे, खड्डा पडला असेल तर ब्रेस सुटली असण्याची शक्यता मोठी.

महोगनी तंतूंच्या दिशेने सरळ चिरते. चीर दिसली की दोन्ही बाजूंना अंगठ्याने हलकेच दाबा. कडा वरखाली हलल्या तर ती जिवंत आहे. हलत नसेल आणि आतून चिरेवर लाकडी चौकोनी ठिगळं आडव्या तंतूंची बसवलेली दिसली, तर ती दुरुस्त झाली आहे. अशी गिटार स्वस्त मिळते आणि तितकीच छान वाजते. वाजवण्यासाठी घेत असाल तर मी अशीच घ्यायला सांगेन. बाजूच्या चिरा मात्र काळजीपूर्वक पाहा, तिथे मार लागलेला असतो आणि आत कडेची पट्टी तुटलेली असू शकते.

पिकगार्डच्या (ओरखडे टाळायला छिद्राजवळ लावलेल्या पातळ पट्टीच्या) कडेला वेगळं पाहा. जुन्या मार्टिनवर सेल्युलॉइडचं (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचं) पिकगार्ड लॅकरच्या आधी, कोऱ्या लाकडावर चिकटवलेलं असायचं. सेल्युलॉइड वर्षानुवर्षं आक्रसतं आणि लाकूड सोबत ओढतं. स्प्रूसवर त्याने हमखास चीर पडते. महोगनी जास्त चिवट, तरी कडेवरून नख फिरवून पाहाच.

सुटलेली ब्रेस कानाने सापडते. बोटाच्या पेराने पत्रा आणि पाठ सगळीकडे टकटक करा. घट्ट जागी ठोस आवाज येतो, सुटलेल्या जागी फटका बसल्यासारखा किंवा खुळखुळता. नंतर आरसा-दिवा घेऊन त्या जागी ब्रेसच्या टोकाखाली कागद घालून खात्री करा.

## ७. लॅकर मूळ आहे का

मूळ नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ असतं, त्यात बारीक जाळी पडते, ते हाताखाली झिजतं. किंमत याच्यावर फार अवलंबून आहे: पुन्हा रंगवलेली गिटार मूळपेक्षा बरीच स्वस्त मिळायला हवी.

हेडस्टॉकवरच्या ट्यूनरचा (तार पिळायच्या खुंटीचा) एखादा स्क्रू काढून भोकात पाहा, आत लॅकर ओघळलेलं असेल तर ते नंतरचं. ब्रिजच्या कडेशी लॅकरची झालर दिसते का? ओरखड्यांच्या आत चकाकी आहे का? अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च फिरवा. जुनं लॅकर फिकट हिरवट-पिवळं उजळतं, नंतर मारलेला भाग वेगळ्या छटेत तुकड्यासारखा उठून दिसतो. नटमागे नेक तुटून जोडलेला असेल तर तोही इथेच पकडला जातो.

## ८. फ्रेट आणि ट्यूनर

१९३४ नंतरच्या फ्रेट आजच्यासारख्याच, बदलता येतात. त्याआधीच्या सपाट पट्टीच्या असतात, त्यांचं काम जाणणारा कारागीर आधी शोधा. ट्यूनरच्या जुन्या प्लास्टिक बटणांचा भुगा होत असेल तर फक्त बटणं बदला. नवे ट्यूनर बसवण्यासाठी कोणी भोकं मोठी केली असतील तर तेवढा भाव कमी.

## ९. आता वाजवा

प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर. मग मोकळ्या जी वर थांबा आणि सूर किती वेळ टिकतो ते ऐका. एखाद्याच सुरावर खरखर आली तर तो सुटलेला ब्रेस किंवा ट्यूनरचं ढिलं वॉशर असतं. मेलेल्या तारांवर या गिटारीबद्दल मत बनवू नका. विकणाऱ्याची हरकत नसेल तर नवा संच सोबत न्या आणि चढवून ऐका.

## १०. भाव ठरवताना

कारागिराकडून रीसेट, फ्रेट, ब्रिज आणि ब्रिजखालची पट्टी यांचे दर आधीच लेखी घेऊन ठेवा. सगळं ठीक असलेल्या तशाच गिटारीच्या भावातून हे वजा करा, वर थोडी गैरसोयही वजा करा. सूट मागताना "जुनी आहे" म्हणू नका. पट्टी ठेवून माप दाखवा, वाद उरत नाही.

## ११. अमेरिकेतून भारतात आणताना

अमेरिकेत राहून तिथेच घेत असाल तर हा भाग सोडा. पुण्याला किंवा मुंबईला आणायची असेल तर मात्र लक्ष द्या. महोगनीची तयार वाद्यं सायटीज करारात (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात) अडकत नाहीत, तिथे ओंडके, फळ्या आणि पातळ पापुद्रे यांच्यावर नियंत्रण आहे. अडचण फिंगरबोर्ड आणि ब्रिजची आहे. मार्टिन १९६९ पर्यंत ब्राझिलियन रोझवूड वापरत असे, आणि हे लाकूड ११ जून १९९२ पासून सायटीजच्या परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे. इतर रोझवूडच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली. ब्राझिलियनला मिळाली नाही. फिंगरबोर्डाएवढा तुकडाही त्यात मोडतो.

लागणारी कागदपत्रं:

- अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचं, लाकूड १९९२ पूर्वीचं असल्याचं प्रमाणपत्र
- अनुक्रमांकासह खरेदीची पावती आणि ठोकळ्याचा फोटो
- कारागिराचं किंवा दुकानाचं गिटारीच्या वयाबद्दलचं लेखी मत
- भारतातल्या कस्टम्ससाठी किमतीचा पुरावा

प्रमाणपत्राला आठवडे लागतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी अर्ज करा. भारताच्या बंदरात-विमानतळावर अशा मालाची पाहणी कस्टम्ससोबत वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरो करतो, तिथेही आधीच विचारून ठेवा. मामाच्या मुलाच्या हाती "अशीच" पाठवून द्यायची ही गिटार नव्हे. जप्त झाली तर सोडवणं कठीण, आणि अडचणीत येतो तो आणणारा.

विमानात ती केबिनमध्येच न्यावी. अमेरिकी विमान कंपन्यांना, चढताना वरच्या कप्प्यात जागा असेल तर गिटार आत घ्यावी लागते, म्हणून लवकर चढा. तारा एक-दोन सूर उतरवा, पूर्ण सैल करू नका. केसमध्ये हेडस्टॉकखाली कपडा भरा.

## १२. घरी आल्यावर

तारा ११-५२ च्या (सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) लावा, ताण ६५ किलोच्या आसपास राहतो. १९४४ पूर्वीच्या गिटारीवर १२-५३ लावण्याचा मोह टाळा.

हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवायची. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवा ऐंशीच्या पुढे जाते, पत्रा फुगतो, तारा वर चढतात. अशा वेळी ती केसमध्येच ठेवा, सोबत दोन्ही बाजूंनी काम करणारी आर्द्रता-पाकिटं. ऑगस्टमध्ये वाढलेली अॅक्शन पाहून सॅडल घासू नका, जानेवारीत तारा खरखरू लागतील. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात उलटं होतं: हवा कोरडी, फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागली की लाकूड आक्रसतंय असं समजा. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. दिवसा ओली आणि रात्री कोरडी हवा हा मार चिरा पाडतो.

बाकी थोडक्यात. उन्हात बंद गाडीत ठेवू नका, सरस उष्णतेने मऊ पडतो. स्टँडचा रबर लॅकरला चिकटतो, त्यावर सुती कापड गुंडाळा. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने गिटार धरू नका, त्यातल्या अल्कोहोलने लॅकर मऊ होतं. केसमध्ये डांबरगोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ काही जुन्या प्लास्टिकला मऊ करते. काही सुटलं तर घरातला पांढरा गोंद किंवा इपॉक्सी लावू नका: सरस पुढच्या दुरुस्तीला वाफेने सुटतो, इपॉक्सी लाकूड घेऊनच निघते.

पहिल्या दिवशीची तीन मापं, म्हणजे बाराव्या फ्रेटवरची उंची, सॅडल आणि सातव्या फ्रेटची फट, तारखेसह कागदावर लिहून केसच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा.